तिकीट नंतर, आधी चिप

पुण्याहून न्यू जर्सीला मांजर न्यायचं तर कागदपत्रांच्या तयारीला तीन-चार आठवडे पुरतात. तेच मांजर म्युनिकला न्यायचं तर कमीत कमी चार महिने हवेत, टोकियोला सात महिने, आणि सिडनीला तर ते भारतातून थेट जाऊच शकत नाही. मांजर तेच, लस तीच, डॉक्टरही तेच. फरक पडतो तो समोरच्या देशाला रेबीजची किती धास्ती आहे यामुळे. म्हणूनच नोकरीचं पत्र हाती पडल्यावर मांजरवाली माणसं सगळ्यात आधी जो प्रश्न विचारतात, की कोणती विमान कंपनी मांजर नेते, तो खरं म्हणजे तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न देशाचा, दुसरा तारखांचा. विमान त्यानंतर. आणि या सगळ्याच्या आधी आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेक जण विचारतच नाहीत. त्याच्याकडे पुढे येऊ.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण मराठी घरं मोठ्या संख्येने तिकडे जातात आणि मांजराच्या बाबतीत सगळ्यात सोपा देशही तोच. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेने कुत्र्यांसाठी नियम बरेच कडक केले. भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे इथून कुत्रा नेणाऱ्यांची धावपळ वाढली. मांजरांना त्यातलं काहीच लागू नाही. मांजर वरवर पाहता निरोगी दिसलं पाहिजे, एवढीच केंद्र सरकारची अट. रेबीजच्या लशीचा दाखला राज्य सरकार किंवा विमान कंपनी मागू शकते, तेव्हा तो जवळ असावाच. हवाई बेटांचा मामला मात्र वेगळा. तिथे रेबीज नाही आणि तो येऊ नये म्हणून त्यांचे नियम स्वतंत्र आणि कडक आहेत. कॅनडाही बराच मोकळा आहे. तीन महिन्यांपेक्षा मोठ्या मांजराला रेबीजच्या लशीचं नीट भरलेलं प्रमाणपत्र असलं की काम भागतं.

युरोपीय संघाचं गणित समजून घेतलं की बाकीच्या बहुतेक देशांचं समजतं, म्हणून इथे थोडं रेंगाळायला हवं. मांजराच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि ती आयएसओ प्रमाणातली लागते, म्हणजे युरोपातल्या यंत्राला वाचता येते. चिप बसल्यानंतर रेबीजची लस. हा क्रम उलटा झाला, म्हणजे लस आधी आणि चिप नंतर, तर ती लस कागदावर झालीच नाही असं धरतात. लस ज्याला टोचली ते मांजर नेमकं हेच, याला पुरावा राहत नाही ना! पुण्या-मुंबईतली बरीच घरची मांजरं दरवर्षी लस घेतात, पण चिप क्वचितच कुणी बसवतं. त्यामुळे "आमच्या बोक्याच्या सगळ्या लशी झाल्यात" असं निश्चिंतपणे सांगणाऱ्या घराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातलं सीरम युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायला जातं. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. याला सगळे नुसतं 'टायटर' म्हणतात. आणि मग थांबायचं: रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने. अहवाल हातात आल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून. लस घेताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं असावं लागतं. म्हणजे भारतातून युरोपात जाणारं मांजर कितीही घाई केली तरी जवळपास सात महिन्यांच्या आत तिथे पोहोचू शकत नाही. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू पुढच्या महिन्यात बर्लिनला न्यायचं, हे होत नाही.

हे तीन महिने उगाच छळायला ठेवलेत असं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. मांजराला लशीच्या आधीच संसर्ग झाला असेल तर तो या काळात उघड व्हावा, विमानातून उतरल्यावर नव्हे, हा हेतू. ज्या देशांत रेबीज आटोक्यात आहे त्यांची युरोपीय संघाने यादी केली आहे. त्या यादीतून येणाऱ्या मांजराला टायटर लागत नाही, लशीनंतर २१ दिवसांनी ते निघू शकतं. भारत त्या यादीत नाही.

इथे गोव्याची आठवण होते. तिथे २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालली, २०१८ पासून तीन वर्षं माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पण म्हापशाच्या बाजारातून उचललेलं मांजर लिस्बनला न्यायचं असेल तर त्यालाही तेच टायटर, तेच तीन महिने. परदेशी अधिकारी देश विचारतात, राज्य नाही. गोव्यात काही वर्षं राहून परतणारे, जाताना गल्लीतलं मांजर सोबत नेणारे परदेशी या नियमावर चडफडतात, ते मला अगदी समजू शकतं.

ब्रिटनने पूर्वी याहून कठोर कारभार केला. बाहेरून आलेल्या कुत्र्या-मांजराला सहा महिने विलगीकरणात ठेवायचं, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. २००० साली पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची योजना आली आणि ठराविक देशांतून चिप-लस-टायटर या वाटेने जाणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. २०१२ पासून भारतासारख्या देशांसाठी थांबण्याचा काळ युरोपाप्रमाणे तीन महिन्यांवर आला. तरी एक गाठ अजून आहे. ब्रिटनमध्ये विमानाने येणारं मांजर केबिनमधून उतरू शकत नाही, ते कार्गो म्हणूनच यावं लागतं. हीथ्रोला त्यांच्यासाठी वेगळं प्राणी स्वागत केंद्र आहे. मुक्काम हलवणाऱ्याने त्याबद्दलची करसवलत आधी मागून ठेवली नाही तर मांजरावरही माल म्हणून कर लागू शकतो. म्हणून पुष्कळ जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत मांजर केबिनमध्ये नेतात आणि पुढे मोटारीने खाडीखालच्या बोगद्यातून किंवा बोटीने इंग्लंड गाठतात. युरोस्टारच्या गाडीत मात्र मांजर घेत नाहीत. मोटार वाहून नेणारी शटल वेगळी. दगदग आहे, पण मांजर सगळा वेळ डोळ्यांसमोर राहतं.

बेटांचे देश आणखी सावध. जपानमध्ये १९५७ नंतर स्थानिक रेबीज नाही. तिथे एका महिन्याच्या अंतराने दोन लशी, टायटर, रक्त काढल्यापासून १८० दिवसांची वाट आणि पोहोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना. सगळं बिनचूक असेल तर विमानतळावरची तपासणी बारा तासांच्या आत आटोपते. एखादी तारीख चुकली तर मांजर १८० दिवसांपर्यंत त्यांच्या ताब्यात. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे मांजर आधी सिंगापूर किंवा यूएईसारख्या मान्य देशात न्यायचं, पुढची तयारी तिथे राहून करायची, रक्ततपासणीनंतरचे १८० दिवस मोजायचे, आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान १० दिवसांचं विलगीकरण. खर्च लाखांत जातो. तिथले अधिकारी कुणाचीच भीड ठेवत नाहीत: २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अंबर हर्ड यांनी खासगी विमानातून दोन छोटे कुत्रे न सांगता आणले, तेव्हा मंत्र्यांनी ते परत पाठवा नाहीतर मारावे लागतील असं जाहीरपणे बजावलं होतं. कुत्रे परत गेले. आपल्या सोसायटीच्या बोक्यासाठी तिथे कुणी अपवाद करेल, ही आशा सोडलेली बरी.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांना आयात परवाना आधी काढावा लागतो. सिंगापूरला विलगीकरण आहेच. तिथे आणखी एक मेख होती: सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या घरांत मांजर पाळायला अनेक दशकं बंदी होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. आता परवान्यावर घरटी दोन मांजरं चालतात. जर्मनीत याच्या उलट गोष्ट. भाडेकरारात कुत्रा-मांजर सरसकट मना करणारं कलम ठेवता येत नाही, असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. घरमालकाला विचारावं मात्र लागतं. आणि कुत्र्यावर पालिकेचा कर असला तरी मांजरावर नाही!

भारतातून निघताना शेवटचा शिक्का केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस या कार्यालयाचा. मुंबईत त्याचं केंद्र आहे, तसंच दिल्ली, कोलकाता, चेन्नईतही. खासगी डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला, लशीचं पुस्तक, चिपचा क्रमांक, टायटरचा अहवाल हे सगळं तिथे दाखवून सरकारी प्रमाणपत्र मिळवायचं. युरोपाचं प्रमाणपत्र पोहोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलं असावं लागतं, म्हणजे ही शेवटच्या आठवड्यातली पळापळ टाळता येत नाही. सगळ्या कागदांवर चिपचा पंधरा आकडी क्रमांक अगदी सारखा आहे ना, हे स्वतः बसून तपासावं. एखादा आकडा मागेपुढे झाला तर फ्रँकफर्टच्या काउंटरवर तुमची मांजरी कागदोपत्री दुसरीच कुणीतरी ठरते. जातीच्या रकान्यात आपल्या गल्लीतल्या भाटीचं 'डोमेस्टिक शॉर्टहेअर' होतं. त्याने दबकून जायचं कारण नाही. तुम्ही आणि मांजर यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, नाहीतर ती व्यापारी आयात धरली जाते आणि नियमच बदलतात.

एजंट घ्यावा का? ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटनसाठी घ्यावा. कार्गोचं काम घरबसल्या जमत नाही. अमेरिका किंवा जर्मनीला केबिनमधून एक मांजर न्यायचं तर कागदांना न घाबरणारा माणूस ते स्वतः करू शकतो. एजंट घेतला तरी चिप आणि लशीच्या तारखा त्याच्या भरवशावर सोडू नयेत.

आता विमान. केबिनमध्ये नेता येत असेल तर केबिनच, मग एक थांबा जास्त पडला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. लुफ्तान्सासारख्या कंपन्या पिशवीसह ८ किलोपर्यंतचं मांजर सीटखाली नेऊ देतात. एका विमानात अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून मांजराची जागा पक्की करायची. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजराला मज्जाव आहे. पाकिस्तानच्या काही मार्गांवर ससाण्याला मात्र परवानगी. आखाती रिवाज!

विमानाच्या पोटातल्या सामानकक्षातून जाणाऱ्या प्राण्यांसाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पेटीचे नियम सगळ्या कंपन्या पाळतात: मांजराला आत नीट उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे, हवा सगळीकडून खेळली पाहिजे, दार आपोआप उघडता कामा नये. तो कक्ष गरम ठेवलेला आणि दाबाचा असतो. मांजर तिथे गोठतं ही समजूत चुकीची. धोका जमिनीवर आहे. मे महिन्यात मुंबईच्या किंवा दुबईच्या धावपट्टीवर ट्रॉलीत घालवलेला अर्धा तास हा सोळा तासांच्या उड्डाणापेक्षा वाईट. प्रवासाचा महिना आपल्या हातात असेल तर एप्रिल ते जून टाळावा.

आणि पर्शियन मांजरं. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत त्यांचं फॅड आलं. त्यांचं नाक चपटं, श्वासमार्ग आखूड. तापमान वाढलं की धाप लागते. अनेक कंपन्या त्यांना सामानकक्षात घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. झोपेचं औषध देऊन नेऊ, असा सल्ला नातेवाईक हटकून देतात. देऊ नये. गुंगी आणणाऱ्या औषधांनी रक्तदाब खालावतो, शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं, आणि वर हवेत पाहायला कुणी नसतं. गुंगीतलं मांजर विमान कंपन्या परतही पाठवतात. फारच घाबरट मांजराला गॅबापेंटिनसारखं काही द्यायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्याचा एक डोस प्रवासाच्या कितीतरी आधी घरी देऊन पाहायचा.

कागदांपेक्षा जास्त वेळ मांजराच्या मनाची तयारी करण्यात जायला हवा, आणि तिथेच बहुतेक घरं कमी पडतात. कुत्रा माणसाबरोबर गाव बदलतो. मांजराची सगळी निश्चिंती जागेत असते. ओळखीच्या कोपऱ्यात, गाल घासून स्वतःचा वास लावलेल्या दाराच्या कडेत. ते सगळं एका दिवसात काढून घ्यायचं तर काहीतरी ओळखीचं सोबत द्यायला हवं, आणि ते काहीतरी म्हणजे पिशवी किंवा पेटी. ती दोन-तीन महिने आधी आणून दिवाणखान्यात उघडी ठेवावी. आत जुनी गोधडी घालावी, खाणं आतच द्यावं. दवाखान्यात जायच्या वेळीच माळ्यावरून निघणारी पेटी मांजर जन्मभर विसरत नाही. आत बसायला लागल्यावर दार लावून पाहायचं, मग रिक्षातून एक फेरी, मग मोटारीतून लांबचा रस्ता. छातीला पट्टा बांधायची सवयही आताच लावायची. कारण विमानतळाच्या तपासणीत पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर तुमच्या हातात. अनोळखी गर्दीत, खडखडत्या ट्रॉलींच्या आवाजात सुटलेलं मांजर पुन्हा सापडणं कठीण. बंद खोलीत तपासणी करा, अशी विनंती आधीच करावी. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

खाण्याची सवयही हळूहळू बदलावी. कोकणी घरातलं बोंबील-मांदेलीवर वाढलेलं मांजर तिथल्या डब्यातल्या अन्नाकडे ढुंकून पाहत नाही, म्हणून जाण्याच्या दोन महिने आधीपासून तयार खाणं थोडं थोडं मिसळत जावं. निघायच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं खाणं, मग काही नाही. पेटीतल्या भांड्यात पाणी गोठवून दिलं की ते चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं. तळाशी शोषून घेणारे पॅड.

आता तो न विचारलेला प्रश्न: मांजराला न्यावंच का? सोळा वर्षांची, मूत्रपिंड थकलेली मांजरी आणि मागे तिला लहानपणापासून ओळखणारी आजी त्याच घरात राहणार असेल, तर मी तिला मागे ठेवायच्या बाजूने आहे. जीव तुटतो तो आपला; तिला तिची खिडकी हवी असते. पण 'मांजर काय, कुठेही राहतं' म्हणत सोसायटीच्या आवारात सोडून जाणं ही वेगळी गोष्ट. घरात वाढलेलं मांजर रस्त्यावर फार टिकत नाही. घर रिकामं होणार असेल आणि सांभाळणारं कुणी नसेल, तर तरुण, निरोगी मांजर सोबत जावं. माणूस आधी आणि मांजर दोन-तीन महिन्यांनी, हा मधला मार्गही पुष्कळदा सोयीचा. तिथलं घर लागलेलं असतं. मात्र त्या वेळी कुणीतरी परत येऊन मांजरासोबत प्रवास करावा, नाहीतर ते पाच दिवसांचं बंधन आड येतं.

पोहोचल्यावर पहिले काही दिवस एकच खोली. लिटरची पेटी, पाणी, जुनी गोधडी, लपायला एक खोका. कॉटखाली दडून बसलं तर ओढून काढू नये. खाण्यावर मात्र नजर ठेवायची: दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. विशेषतः जाड मांजराच्या यकृतात उपाशीपणाने चरबी साठते आणि ते जीवावर बेततं. बोका लिटरमध्ये वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. ताणाने मूत्रमार्ग तुंबणं बोक्यांत नेहमीचं, आणि दिवसभरात ते प्राणावर येतं. म्हणून तिथल्या रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता इथूनच शोधून ठेवावा.

खिडक्या पहिल्याच दिवशी तपासाव्यात. आपल्या मांजरांना ग्रिलची सवय; तिथे ग्रिल नसतात. जर्मनीतल्या खिडक्या वरून आत कलतात, आणि त्या फटीतून बाहेर जायला निघालेलं मांजर खाली सरकून व्ही आकारात अडकतं. तिथल्या डॉक्टरांना ही दुखापत चांगलीच परिचयाची आहे. बाजारात त्यासाठी जाळ्या मिळतात, त्या बसवेपर्यंत खिडकी कलती ठेवायची नाही. बाहेर मोकळं सोडायचं असेल तर निदान दोन-तीन आठवडे थांबावं. कॅनबेरासारख्या शहरात १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मांजराला आवाराबाहेर सोडायलाच बंदी आहे, आणि इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून घरच्या मांजराला चिप सक्तीची, तेव्हा स्थानिक नियमही पाहावेत.

युरोपात पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन मांजराचं निळं पासपोर्ट पुस्तक करून घ्यावं आणि रेबीजच्या पुढच्या लशीची तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये घालावी. आधीच्या लशीची मुदत संपायच्या आत पुढची लस होत गेली, तर भारतात काढलेलं ते एक टायटर मांजराला जन्मभर पुरतं. उद्या परत पुण्याला येऊन पुन्हा जर्मनीला जायची वेळ आली तरी रक्त द्यावं लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तर लस पहिलीच धरली जाते, आणि पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने.